धुऱ्यावरच्या शेजाऱ्यावर प्रीती कशी करायची?

जालन्याकडच्या एका भावाने प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं कळेल. तीन एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. शेजारच्या गटवाले दरसाल नांगरटीला धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, कोरतात, ज्या धुऱ्यावरून आधी बैलगाडी जायची तिथून आता माणूस नीट चालत नाही. घर ख्रिस्ती, चर्चमध्ये दर रविवारी कानावर पडतं की शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. वडील म्हणतात सोड बाबा, आजीच्या मयतीला त्यांनीच खांदा दिलाय. धाकटा भाऊ म्हणतो केस ठोकू. वर मे महिन्यात बहिणीचं लग्न, त्यांना पत्रिका द्यायची का नाही यावरून घरात दोन पार्ट्या. आणि शेवटी त्यांनी विचारलंय, "प्रीती करायची म्हणजे दरसाल एक तास सोडत राहायचं का?" तास म्हणजे नांगराची एक ओळ.

भाऊ, मी पाद्री नाही, कीर्तनकारही नाही. भूमी अभिलेखला भूकरमापक होतो, गावाच्या भाषेत मोजणीदार, नोकरी सगळी मराठवाड्यातच गेली. आधी फलक आणि साखळी, मग ईटीएस मशीन, शेवटी शेवटी रोव्हर. म्हणजे माझा पगारच मुळी शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं पटत नाही यावर चालायचा, त्यामुळं या विषयावर बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील काय म्हणतात ते आहे, भाऊ काय म्हणतो ते आहे, चर्चमध्ये काय सांगतात ते आहे, पण ते शेजारी काय म्हणतात हे कुठंच नाही. बहुतेक त्यांना कुणी विचारलेलंच नसावं. प्रीती करायची का केस करायची हा वाद तुम्ही त्या माणसाला बाजूला ठेवून घरातल्या घरात घालताय, आणि माझ्या मते खरी अडचण तिथं आहे. दुसरी अडचण ही की धुरा नेमका कुठं होता आणि आता कुठं आहे हे तुम्हाला डोळ्याने दिसतंय पण कागदावर माहीत नाही, आणि डोळा शेतात लई फसवतो.

आता हिशोब करू. समजा तुमची सामाईक बाजू 400 फूट आहे आणि एक फूट आत आलेत. झाले 400 चौरस फूट. गुंठा म्हणजे 33 बाय 33, 1089 चौरस फूट, म्हणजे गेलं ते अर्ध्या गुंठ्याच्याही आत. एकरी 15 लाखाचा भाव धरला तर 14 हजाराच्या आतबाहेर. दिवाणी दावा टाकला की वकील, तारखा, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, याच्या कितीतरी पुढं जातं. पण हा हिशोब सांगून "बघा किती फालतू कारणावरून भांडताय" असं म्हणणारे शहाणे असतात ना, त्यांच्यातला मी नाही. तीन एकरवाल्याला फूट फूट लागतो. आणि दुखतं ते चौरस फुटाचं नसतंच, आपल्याला कुणी विचारत नाही, आपल्याला धरलंच नाही, हे दुखतं. गावात त्याला आब म्हणतात, आणि आब मोजायला आमच्या खात्यात साखळी नव्हती.

आता चर्चमधल्या गोष्टीकडं येतो. तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल, पण मी ती मोजणीदाराच्या डोळ्याने वाचली म्हणून सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्र शिकलेला माणूस येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? मला तो प्रश्न एकदम ओळखीचा वाटला, कारण तो हद्दच विचारतोय. कुठपर्यंत शेजारी आणि कुठून पुढं माझा संबंध संपला, तेवढी खूण रोवून द्या. येशू ती खूण रोवून देत नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटारूंच्या तावडीत सापडतो, याजक बाजूने निघून जातो, मंदिरात सेवा करणारा लेवी निघून जातो, आणि थांबतो तो शोमरोनी, ज्याच्या लोकांचं आणि यहुद्यांचं मुळीच जमत नव्हतं. मग येशू उलटा प्रश्न टाकतो, या तिघांतला शेजारी कोण ठरला? म्हणजे हद्द विचारायला आलेल्याला काम लावून पाठवलं.

तरी मला त्या गोष्टीत सगळ्यात जास्त काय पटलं सांगू का, त्या शोमरोन्याचा व्यवहार. जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार दिले, वर लागले तर येताना देतो म्हणाला आणि स्वतःच्या कामाला निघून गेला. घर विकून दिलं नाही, आयुष्यभर तिथं बसून राहिला नाही. रक्कम ठरलेली, उरलेल्याचा वायदा ठरलेला. त्याला त्या माणसाबद्दल आतून काय वाटलं हे एका शब्दात येतं, कळवळा, बाकी सगळी गोष्ट हातापायांनी काय केलं त्याची आहे. आमच्या पैठणच्या नाथांचंही तेच, रामेश्वरासाठी आणलेलं गंगेचं पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, गाढव कुणाचं ते विचारत बसले नाहीत. म्हणून शेजारी आवडला पाहिजे, त्याला बघून मन भरून आलं पाहिजे, असलं काही डोक्यावर घेऊ नका. तो आवडत नसला तरी जमतं.

मग "स्वतःसारखी" याचं काय? मी आपला माझ्या कामातून लावलेला अर्थ सांगतो, तुमच्या पाद्रीबाबांना पटेल न पटेल. दोघांना एकच साखळी. माझं शेत मोजायला जी लावतो तीच त्याचं मोजायला. ऐकायला सोपं वाटतं पण धुऱ्यावर उभं राहिल्यावर हे कुणालाच जमत नाही, कारण आपण आत गेलो असलो तर ती ट्रॅक्टरवाल्याची चूक असते आणि तो आत आला असला तर ती त्याची नियत असते.

जिंतूरकडची एक मोजणी आठवते. अर्जदार मोठा तालेवार, नोटिसा लागल्या, लगतधारक, म्हणजे शेजारचे शेतवाले, सगळे हजर, बघ्यांची तर जत्राच. धुऱ्यावर एक जुना निंब, दोन्हीकडच्या रोजंदारीच्या बाया दुपारी त्याच्याच सावलीला भाकरी सोडायच्या. अर्जदाराचं म्हणणं की निंबासकट चार फूट माझं खाल्लंय. गटाच्या नकाशावरून कायम खुणा धरल्या, तीन बाजूंनी ताळा बघितला, आणि खुंटी पडायला लागली ती अर्जदाराच्याच कापसात, दोन ओळी आत. म्हणजे खाल्लं होतं ते त्यानेच, बहुतेक त्याच्या वडलांच्या काळापासून, त्याला स्वतःलाही माहीत नसावं. मी खुंटी ठोकायला सांगितली तर माणूस ठोकेना, अर्जदाराच्या तोंडाकडं बघत हातोडा धरून तसाच उभा. तेवढ्यात समोरचा, ज्याच्यावर वर्षभर चोरीचा आळ होता तो, पुढं आला आणि म्हणाला, "साहेब, कापूस येचून होऊ द्या, मग ठोकू. आता पऱ्हाटी कामून तुडवायची." जिंकलेला माणूस असं बोलला की पुढची तीस वर्षं कोर्टाची पायरी लागत नाही. प्रीती प्रीती म्हणतात ती मी कामावर बघितली असेल तर अशी.

आणि हे काही नवलाचं नाही बरं का. अर्जदाराचंच अतिक्रमण निघणं हे मोजणीत नेहमीचं. त्याहून नेहमीचं म्हणजे सगळं शिवारच एका अंगाला सरकलेलं असतं. तुमचा शेजारी तुमच्यात दोन फूट आलाय कारण त्याच्यात पलीकडचा दोन फूट आलाय, त्याच्यात त्याच्या पलीकडचा, आणि शेवटी सुरुवात निघते ओढ्याने पात्र बदललं तिथून नाहीतर कुणी पाणंद नांगरली तिथून. आपल्याकडं निजामाच्या काळच्या मोजण्या, त्यावर एकत्रीकरण योजनेचे गट, त्यावर भावाभावांच्या तोंडी वाटण्या. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जमिनीवरचं क्षेत्र यात कुणीही चोरी न करता फरक असू शकतो. त्यात ट्रॅक्टर. औत होतं तेव्हा मालक स्वतः मागं चालायचा, बैल धुऱ्याच्या अलीकडं वळायचे. आता तासावर भाड्याचा ट्रॅक्टर येतो, ड्रायव्हर परगावचा, रात्रीचा नांगरतो, त्याला ना तुमचं घेणं ना शेजाऱ्याचं. मालक सकाळी येऊन बघतो तर फूटभर जास्तीची काळी माती मोकळी झालेली, आणि ती परत सोडायची दानत फार थोड्यांत असते हेही खरं. म्हणजे तुमचा शेजारी निष्पापच आहे असं मी म्हणत नाहीये, फक्त अजून ठरलेलं नाही एवढंच.

आता सगळ्यांनाच हे लागू नाही. तो माणूस मारायला धावतो, बायामाणसांना घाणेरडं बोलतो, जातीवरून बोलतो, तर ते धुऱ्याचं भांडणच नाही, तिथं सरळ पोलीस स्टेशन, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवरून बोलला असेल तर अॅट्रॉसिटीचा 1989 चा कायदा त्यासाठीच आहे. मार खाऊन गप्प बसणं याला कुणीही प्रीती म्हणू नये, त्याने समोरचा अजून बिघडतो. तसंच रस्ता बंद केला असेल तर थांबू नका, पेरणी कुणासाठी थांबत नाही. चालू रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट अॅक्ट 1906 चं कलम 5, आणि रस्ताच नसेल, धुऱ्यावरून नवा मागायचा असेल तर जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143, दोन्ही अर्ज तहसीलदाराकडं. लोक यात नेहमी गल्लत करतात आणि चुकीच्या कलमात वर्ष घालवतात. तुमच्या लिहिण्यावरून यातलं काही दिसत नाही, एक फक्त धुरा कोरणं आहे आणि दोन्ही घरांचा अबोला. म्हणून पुढचं सांगतो ते तेवढ्यापुरतंच.

वडलांचं म्हणणं मला अर्धं पटतं. खांदा दिलेल्याला कोर्टात उभं करायला जीवावर येतं, खरंय. पण "सोड" म्हणणारे वडील मनातून सोडत नाहीत हेही मी लई घरांत बघितलंय. दर नांगरटीला ओट्यावर बसून तोच विषय, लेकरांच्या कानावर तेच, आणि मग नातू मोठा होऊन कुऱ्हाड काढतो तेव्हा म्हातारा म्हणतो आम्ही तर कधी भांडलो नाही. न बोलता सोडलेली जमीन ही दिलेली जमीन नसते, ती उधारी असते आणि तिचं व्याज चढत राहतं. द्यायचीच असेल तर तोंडाने सांगून द्या, "अण्णा, हा फूट तुमच्याकडं आलाय, मला माहिताय, राहू द्या", आणि परत विषय काढू नका. ते जमणार नसेल तर मोजा.

माझ्याकडं कुणी मोजणीला आलं की मी एक विचारायचो. रेघ तुमच्या विरोधात गेली तर खुंट्या मान्य करणार का? बरेच जण हसून म्हणायचे, तसं कसं होईल. काही जण गप्प व्हायचे. जे गप्प व्हायचे त्यांचं प्रकरण पुढं मिटायचं असा माझा अनुभव आहे. तुमच्या धाकट्या भावाला हा प्रश्न विचारून बघा.

इथं लातूरचं थोडं सांगावं लागेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन लोक झोपलेले. किल्लारी, सास्तूर, तिकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद, बऱ्याच घरांची एक भिंत शेजारच्याशी सामाईक. त्या भिंतीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं, कुणी खुंटी मारली, कुणी पन्हाळ सोडलं. पुनर्वसनात 52 गावं पूर्ण नव्या जागी गेली, जमीनधारणेप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली, रुंद रस्ते, प्रत्येकाचा प्लॉट सुटा. सामाईक भिंत राहिलीच नाही, म्हणजे भांडणाचं कारण संपायला पाहिजे. पण त्या भागातल्या बायांशी बोललं की त्या सांगायच्या, जुना शेजार तुटला, आता कालवणाची वाटी घेऊन कुणाकडं जायचं तर चार रस्ते ओलांडायचे. आणि प्लॉटच्या कुंपणावरून नवीन भांडणं सुरू झालीच. माझं म्हणणं एवढंच की लांब गेल्याने शेजार सुधरत नाही आणि खेटून राहिल्याने बिघडत नाही, वाटी चालू आहे का नाही ते बघायचं.

म्हणून मी लोकांना सांगतो, दोन खाती वेगळी ठेवा. धुऱ्याचं एक, देण्याघेण्याचं एक. धुऱ्याचा वाद चालू असला तरी त्यांचं जनावर फसलं तर दावं ओढायला जायचं, त्यांच्या घरी मयत झाली तर स्मशानात जायचं, मोटार जळली तर दोन दिवस पाणी द्यायचं. आणि उलट, पाणी दिलंय म्हणून धुरा सोडवून घ्यायचा नाही. आपल्याकडं होतं काय, एका खात्यातली उचल दुसऱ्यात टाकतात, "गेल्या उन्हाळ्यात पाणी दिलं होतं की तुला", आणि मग दोन्ही बुडतात. मोठ्या माणसांचंही वेगळं काही नाही. जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की दरवेळी वरचे-खालचे कोर्टात, आणि त्याच महाराष्ट्रात 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं. तेव्हा लातुरात टाक्यांपाशी जमावबंदी होती, पाण्यावरून लोक एकमेकांच्या अंगावर जातील म्हणून. दोन्ही खरं आहे. असो, विषय लांबला.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. अर्ज करायच्या आधी संध्याकाळी त्यांच्याकडं जा, वडलांना घेऊन जा, धाकट्याला नेऊ नका. सांगा की आपण दोघांच्या नावाने हद्द कायम मोजणी टाकू, फी निम्मी निम्मी, जे निघेल ते दोघांना मान्य. नाही म्हणाले तरी ठीक, तुम्ही एकटे टाकू शकता, पण नोटीस पोस्टाने कळण्याआधी तुमच्या तोंडून कळली हे ते विसरणार नाहीत. मोजणीची तारीख पीक निघाल्यावरची बघा. त्या दिवशी दोन्हीकडून एक-एक जाणता माणूस पुरे, पाहुणेरावळे बोलावून ताकद दाखवू नका, गर्दी झाली की कुणालाच मागं येता येत नाही. खुंट्यांवर लगेच दगड रोवून घ्या. मोजणीदार फक्त हद्द दाखवतो, ताबा देत नाही, हे आधीच समजून घ्या नाहीतर त्याच्याच अंगावर धावाल. मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते, वरचा अधिकारी येऊन परत तपासतो. हाती नकाशाची "क" प्रत पडली की तिची झेरॉक्स त्यांनाही नेऊन द्या.

आणि मोजणीत असं निघालं की तुमचा तुकडा त्यांच्या वहिवाटीत आणि त्यांचा तुमच्या, तर सलोखा योजना बघा, 2023 ला आली, मुदतीची आहे म्हणून अजून चालू आहे का ते आधी विचारून घ्या. 12 वर्षांपासून एकमेकांच्या ताब्यात असलेली शेतजमीन अदलाबदल करायला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये. तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्याचा पंचनामा लागतो (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, पण चावडीवर तलाठीच चालतं). नुसता एका बाजूने धुरा सरकला असेल तर ही योजना लागू नाही, गैरसमज नको.

राहिली पत्रिका. द्यायची, आणि मोजणीच्या आधी द्यायची. नंतर दिली अन् निकाल तुमच्या बाजूने असला तर ते म्हणणार जिरवून वर जेवायला बोलावतोय, विरोधात असला तर म्हणणार आता गोड बोलून मिळवायला आला. आधी दिली तर ती फक्त पत्रिका असते. वडलांना हळदी-कुंकू लावून घेऊन जाऊ द्या किंवा तुमच्याकडं जशी पद्धत असेल तसं, पण धुऱ्याचं बोलायला गेलात त्याच फेरीत देऊ नका, वेगळ्या दिवशी जा. आले नाहीत लग्नाला तर नाही आले, जेवणाचा डबा मात्र कुणाच्या तरी हाती पाठवा, आणि परत आला तर बोभाटा करू नका.